कार्ट्रिज रीफिल : रायगड किनाऱ्यावरील घरगुती पद्धत

घरगुती इंकजेट प्रिंटरचे संपत आलेले कार्ट्रिज टाकून न देता त्यात सिरिंजने पुन्हा शाई भरण्याची पद्धत. उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात काही जण हे काम कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून करून घेतात, तर काही जण घरीच करतात. शाळेचे प्रोजेक्ट, होमस्टेची बिले, आधारच्या प्रती आणि सातबारा एवढ्यासाठी घेतलेला प्रिंटर स्वस्तात मिळतो आणि त्याचे कार्ट्रिज मात्र महाग पडते. रीफिलचा उगम या हिशेबात आहे.

उष्णतेवर चालणाऱ्या इंकजेटचे मूळ तंत्र योगायोगाने सापडले. १९७७ मध्ये जपानमधील कॅनन कंपनीचे संशोधक इचिरो एंडो यांच्या हातून तापलेले सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला लागले आणि सुईतून शाई उडाली. उष्णतेने बुडबुडा तयार होतो आणि तो शाईचा थेंब बाहेर ढकलतो, हे त्यावरून लक्षात आले. एचपीने १९८४ मध्ये आणलेल्या थिंकजेटमध्ये शाई आणि छपाईचे हेड एकाच डबीत होते आणि शाई संपली की अख्खी डबी बदलायची होती. आजची एचपी व कॅननची छोटी कार्ट्रिजे बहुतांशी याच वंशातली. शाई संपताच हेडही कचऱ्यात जावे अशी रचना असली, तरी हेडचे आयुष्य एका भरण्यापेक्षा पुष्कळ जास्त असते. रीफिलचा सगळा धंदा या फरकावर चालतो. एप्सनची गोष्ट वेगळी : तिथे हेड प्रिंटरमध्येच कायम बसवलेले असते आणि थेंब उष्णतेने नव्हे, तर विजेच्या दाबाने आकार बदलणाऱ्या स्फटिकाने ढकलला जातो.

कार्ट्रिजच्या पोटात शाई मोकळी नसते, ती स्पंजात धरलेली असते. काळ्या कार्ट्रिजमध्ये एक कप्पा असतो आणि रंगीतमध्ये निळसर, गुलाबी व पिवळ्या शाईचे तीन. भरताना वरचे लेबल सोलतात. लेबलाखालच्या छिद्रातून मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजची सुई स्पंजात खोलवर घालून शाई सावकाश सोडतात. रंगीत कार्ट्रिजच्या कोणत्या छिद्राखाली कोणता रंग आहे, हे मॉडेलनुसार बदलते. म्हणून अंदाज बांधण्यापेक्षा प्रत्येक छिद्रात वेगळी टूथपिक बुडवून रंग पाहावा. एकदा पिवळ्यात निळी शाई गेली की सगळी पाने हिरवट येतात आणि त्यावर उपाय नाही. छोट्या कार्ट्रिजच्या रंगाच्या कप्प्यात दोन-तीन मिलिलिटर शाई पुरते. छिद्राशी शाई दिसू लागली की थांबायचे आणि थोडी मागे ओढून घ्यायची. काठोकाठ भरलेले कार्ट्रिज प्रिंटरच्या पोटात गळते.

नवशिक्याची ठरलेली चूक यापुढे होते. भरणे झाल्यावर तो सगळ्या छिद्रांवर चिकटपट्टी घट्ट लावतो आणि हवेची बारीक खाचही बंद करून टाकतो. मग चार-पाच पाने झकास येतात आणि छपाई अचानक फिकी पडते, कारण आत हवा शिरत नसल्याने शाई खाली उतरत नाही. खाच मोकळी ठेवून नोझलची बाजू टिश्यू पेपरवर टेकवावी, घासू नये. काळ्याचा एक सलग पट्टा किंवा रंगीतचे तीन स्वच्छ पट्टे उमटले, की कार्ट्रिज बसवून क्लीनिंग एकदाच चालवावे. पाचपाच वेळा क्लीनिंग चालवणारा नुकतीच भरलेली शाई प्रिंटरमधल्या शाई शोषणाऱ्या पॅडला पाजत असतो.

पूर्ण कोरडे पडेपर्यंत वाट पाहू नये, हा सर्वांत महत्त्वाचा नियम. हेडमधील सूक्ष्म हीटरला थंड ठेवण्याचे काम शाईच करते. ती नसताना छापत राहिले तर हीटर जळतात आणि मग कितीही शाई भरली तरी पानावर पांढऱ्या रेघा येतात. छपाई फिकी होऊ लागताच भरावे.

किनाऱ्यावरच्या अडचणी निराळ्या आहेत. एप्रिल-मेच्या उन्हात बंद पडून राहिलेल्या प्रिंटरचे नोझल सुकते. पावसाळ्यात उलट : कागद ओल धरतो, वळतो आणि त्यावर शाई फुटते. खाऱ्या दमट हवेने कार्ट्रिजच्या तांबूस संपर्कपट्टीवर थर बसतो आणि प्रिंटर कार्ट्रिज ‘ओळखत नाही’. अशा वेळी ते बाद समजून फेकण्याआधी धागे न सुटणारे फडके डिस्टिल्ड वॉटरमध्ये किंचित ओले करून पट्टी पुसावी. सुकलेले नोझल मोकळे करायलाही ते बशीतल्या दोन-तीन मिलिमीटर उंचीच्या कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्येच टेकवावे. किनारी गावांतल्या कित्येक विहिरी-बोअरचे पाणी मचूळ असते आणि त्यातले क्षार नोझलमध्ये बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेले पाणी घरात असतेच, ते चालते.

वीज जाणे हा आणखी एक त्रास. छपाई चालू असताना वीज गेली, की कार्ट्रिज जागच्या जागी थांबते आणि रबरी टोपीपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे नोझल उघडे राहते. तासाभराने काही बिघडत नाही. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-मुरूडकडे अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. तितका काळ उघडे राहिलेले हेड बहुधा हातचे जाते. वादळाचा इशारा आला, की प्रिंटर बटणाने बंद करावा, थेट प्लग ओढून नव्हे. बटणाने बंद केले की हेड टोपीखाली जाते.

शाई दोन प्रकारची असते. डाय शाई पाण्यात विरघळलेली असते आणि फोटोला छान दिसते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात आणि ती पाण्याला टिकते. ज्या कार्ट्रिजसाठी जी शाई, तीच भरावी. कॅननच्या ‘पीजी’ मालिकेतील काळे कार्ट्रिज पिगमेंटचे असते. त्यात स्वस्त म्हणून डाय भरली, तरी घरात पान चांगलेच दिसते. पण १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरी छापता येऊ लागल्यावर तोच कागद जुलैत पिशवीत घालून तहसील कचेरीत न्यावा लागतो. पावसाचे चार थेंब पडले, की गट क्रमांक आणि क्षेत्र एकमेकांत मिसळतात. कचेरीत दाखल करायचा कागद झेरॉक्सवाल्याच्या लेझरवर काढावा, हे मत इथे स्पष्टच नोंदवतो.

रीफिलनंतर स्क्रीनवर ‘शाई संपली’ असा इशारा येतो, कारण चिप वापर मोजते, शाई पाहत नाही. कॅननच्या बऱ्याच पिक्स्मा मॉडेल्सवर ‘स्टॉप’ बटण पाच सेकंद दाबून ठेवले की तो बंद होतो. कंपन्यांना ही पद्धत आवडत नाही, हे उघड आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरनी फर्मवेअरमुळे बाहेरची कार्ट्रिजे एकाएकी नाकारली आणि ग्राहक भडकल्यावर कंपनीला माघारीचा पर्याय द्यावा लागला. विकलेल्या कार्ट्रिजवर पेटंटचा हक्क राहत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्कच्या खटल्यात दिला. तो खटला टोनरचा होता, तरी तत्त्व हेच.

एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात टाकीचा प्रिंटर आणला; २०१५-१६ च्या सुमारास कॅनन आणि एचपीही त्या वाटेने गेले. बाटलीतून शाई ओतायची सोय कंपनीनेच दिल्यावर सिरिंजचे महत्त्व कमी झाले. रोज दहा-वीस पाने लागणाऱ्या होमस्टेने टाकीचाच प्रिंटर घ्यावा. महिन्याला दोन पाने काढणाऱ्या घराने रीफिल आणि टाकी या दोन्हींच्या नादी लागू नये, कारण तिथे शाई छपाईपेक्षा सुकण्यातच जास्त जाते. आठवड्याला चार-सहा पाने काढणाऱ्या आणि जुना प्रिंटर धडधाकट असलेल्या घरालाच रीफिल खरोखर परवडते.

चार-सहा वेळा भरल्यावर हेड थकते. असे कार्ट्रिज घंटागाडीत किंवा खाडीत टाकू नये. ई-कचरा नियमांच्या यादीत प्रिंटर ‘कार्ट्रिजसह’ नोंदलेला आहे, म्हणून ते ई-कचरा गोळा करणाऱ्याकडेच द्यावे.