नागलीच्या आंबिलीची कुळकथा

डहाणू तालुक्यातल्या वाणगावचं नाव दूरवर पोचलं ते मिरचीमुळे. पण इथल्या वारली पाड्यांचं जुनं धान्य नागली, म्हणजे नाचणी. तिचं माहेर पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागात. काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि सह्याद्रीच्या उतारांवर, वरकस जमिनीत रुजली. धान्य आंबवण्याची आपल्याकडची चालही जुनी. सुश्रुतसंहितेत धान्याम्ल, म्हणजे धान्य आंबवून केलेला आंबट द्रव, आहे. आंबील त्याच कुळातली.

रात्री नागलीचं पीठ पाण्यात कालवून झाकून ठेवायचं. सकाळी वर बारीक बुडबुडे येतात, आंबूस वास सुटतो. मग ते आधणात ओतायचं आणि गुठळी होऊ न देता ढवळत शिजवायचं. निवल्यावर मीठ आणि ताक.

रात्रभर त्या पिठात लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू राबतात. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, शिवाय लोह आणि जस्त. पण नागलीतलाच फायटेट नावाचा घटक त्यांना धरून ठेवतो. आंबवल्यावर ही पकड सैल होते. शिजताना जीवाणू मरतात, पण आपलं काम उरकून. पोटात जिवंत पोचतात ते ताकातले.

आंबट दुधातल्या जीवाणूंचा आरोग्याशी संबंध विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून मांडला. मेचनिकॉफना मात्र मोठं आतडं विषाचं कोठार वाटे. पुढच्या संशोधनाने ते चित्र पालटलं. आपल्याला न पचणारे तंतू तिथले जीवाणू आंबवतात आणि ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः या ब्युटिरेटवर जगतात. हीच आम्लं जीएलपी-1 आणि पीवायवाय या संप्रेरकांना चालना देतात; भूक आणि इन्सुलिन यांच्याशी या संप्रेरकांचं थेट नातं आहे. अशी आम्लं बनवणारा ‘मेगास्फेरा इंडिका’ हा जीवाणू पुण्याच्या शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये नोंदवला. तो मिळाला माणसाच्याच विष्ठेत.

जीवाणूंच्या गोळ्या आज औषधाच्या दुकानात मिळतात. पण पोटातल्या या रहिवाशांना रोज तंतू मिळाले नाहीत, तर बाहेरून आणलेले जीवाणू त्यांची जागा भरून काढू शकत नाहीत. कोंड्यासकट दळलेली नागली ते तंतू पुरवते. म्हणून डहाणूच्या उतारांवरचं नागलीचं शेत टिकवणं हे शेतीइतकंच आरोग्याचंही काम आहे, आणि ते सरकारी योजनांमध्ये तसंच धरलं गेलं पाहिजे.