एकच लक्षण, दोन बिघाड

1928 साली लुसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बसून तिला एक कोडं सोडवायचं होतं: कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना इतका जीवघेणा ॲनिमिया का होतो? त्यांच्या लाल पेशी कमी होत्या आणि आकाराने फुगलेल्या होत्या. युरोप-अमेरिकेतल्या ‘पर्निशियस ॲनिमिया’त रक्त असंच दिसायचं.

त्या आजारात रुग्णाच्या पोटात आम्ल जवळजवळ तयारच होत नसे. मग आम्ल नाही म्हणूनच रक्त नाही का? डॉक्टरांनी हायड्रोक्लोरिक आम्ल पाजून पाहिलं, पण ॲनिमिया हटेना. बॉस्टनच्या विल्यम कॅसलने वेगळीच युक्ती केली. त्याने स्वतः मांस खाल्लं, तासाभराने उलटी करून ते बाहेर काढलं आणि नळीने रुग्णांच्या पोटात सोडलं. दहाएक दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. म्हणजे निरोगी जठर आम्लाखेरीज आणखी काहीतरी बनवत होतं. 1929 साली त्याने हे प्रसिद्ध केलं. त्या पदार्थाला पुढे ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ म्हणू लागले. तो आणि आम्ल, दोन्ही जठराच्या एकाच पेशीतून येतात. म्हणून दोन्ही एकदम बंद पडत होते.

मुंबईतल्या बायका मात्र बऱ्या झाल्या त्या मार्माइटने, म्हणजे यीस्टच्या स्वस्त अर्काने. विल्सने 1931 साली ते जाहीर केलं. त्यांना कमी पडत होतं फोलेट, पर्निशियसवाल्यांना बी-12. आमच्या धंद्यातलाच प्रकार: एरर मेसेज एकच, बग दोन.

मी न्हावा शेव्याच्या कंटेनरांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर लिहितो. बंदरात कंटेनर उतरला म्हणजे माल दुकानात पोचला, असं होत नाही. बी-12चंही तसंच. ते अन्नातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून येतं. आम्ल आणि पेप्सिन त्याला मोकळं करतात. पुढे लहान आतड्यात इंट्रिन्सिक फॅक्टर त्याला धरतो आणि आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात ते रक्तात शिरतं. जठरात काम होतं ते फक्त सोडवणुकीचं.

1988 साली ओमेप्रॅझोल बाजारात आलं, पुढच्याच वर्षी आमचं बंदर सुरू झालं. आज ॲसिडिटी झाली की आपण ‘पॅन’ची गोळी सहज गिळतो. अशा गोळ्या दोन वर्षं किंवा जास्त घेणाऱ्यांमध्ये बी-12ची कमतरता अधिक आढळते, असं 2013च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसलं. आपल्याकडे शाकाहारी ताटात ते मुळात कमीच; त्यात सोडवणूकही मंदावली तर?

गोळी वाईट नाही, अल्सरवाल्यांना तिने वाचवलंय. स्वतःच्या मनाने ती बंदही करू नका. पण वर्षानुवर्षं घेत असाल आणि थकवा, हातापायांना मुंग्या असं काही असेल, तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: बी-12 तपासायचं का? नुसतं फोलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान चालूच राहतं.