षष्ठीचं पिठलं, नवमीचा कांदा



शताब्दीच्या या अंकासाठी आम्ही दिंडीच्या जुन्या वह्या काढून बसलो. विणेकरी कोण, पखवाज कुणाकडे, गाडीचं भाडं किती, तंबूला काय लागलं, सगळं आहे. ज्वारी किती पायल्या गोळा झाली तेही आहे. त्या ज्वारीच्या भाकरी कुणी थापल्या, ते मात्र एकाही पानावर नाही. म्हणून हा लेख. चुलीपाशी तारखा कुणी लिहून ठेवल्या नाहीत, पण तिथी सगळ्या पाठ आहेत. त्या धरूनच आम्ही पुढं जातो.

माउलींची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात येते. नातेपुत्याचा मुक्काम, सदाशिवनगरचं गोल रिंगण, आणि मग माळशिरस. वाखरीला नवमी आणि पंढरीत दशमी असा हिशेब असल्यामुळं आपल्याकडचा मुक्काम साधारण आषाढ शुद्ध षष्ठीला पडतो. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली तर एखादा दिवस मागंपुढं. तुकोबारायांची पालखीही त्याच सुमाराला नीरा ओलांडून अकलूजला येते. त्या आठवड्यात तालुक्यातली चूल थंड अशी होत नाही.

षष्ठीचा स्वयंपाक ठरलेला. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगांची चटणी, जमलं तर हुलग्याचं माडगं. पक्वान्न नाही. चालून आलेल्या माणसाला पोटाला जड नको आणि मांडीवर भाकरी ठेवून खाता आलं पाहिजे, हा त्यातला विचार. घरटी भाकरी ठरवून दिल्या जात. पोरं टोपल्या घेऊन गोळा करत हिंडायची. पहाटे तीनला उठून जात्यावर बसलेल्या बाया आमच्या आजीच्या पिढीनं पाहिल्या. आम्ही गिरणीच्या रांगा पाहिल्या.

ती ज्वारी तेव्हा घरचीच असायची. भाटघरचं धरण १९२८ साली पुरं झालं, नीरा उजव्या कालव्याचं पाणी आपल्या रानात फिरलं, १९३२ साली माळीनगरला सासवडच्या माळी बागायतदारांनी साखर कारखाना उभारला, आणि बघता बघता ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. उसानं घरं पक्की झाली, पोरं शिकली, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता षष्ठीच्या भाकरीची ज्वारी आपल्यातले कितीतरी जण दुकानातून आणतात. बाहत्तरच्या दुष्काळात तर तीही नव्हती. लाल मिलोची भाकरी होती, ती थापताना चिरा पडायच्या. त्या वर्षी पंगतीला काय वाढलं असं विचारलं की जुन्या बाया अजून नजर खाली घालतात.

आषाढ म्हणजे घरोघरी आखाड तळायचा महिना. गूळ-कणकेच्या, वर खसखस लावलेल्या कापण्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. लेकीबाळींसाठी तळलेल्या त्या कापण्यांतल्या दोन मुठी वारकऱ्याच्या पडशीत जात. चार दिवस टिकतात, भिजल्या तरी खाता येतात.

मग येते नवमी, आपली कांदेनवमी. त्या दिवशी पालखी वाखरीला असते आणि मागं गावात कांदाभजी, कांद्याची थालीपिठं, वांग्याचं भरीत यांचा वास सुटलेला असतो. कारण एकादशीला चातुर्मास बसतो आणि पुष्कळ घरांत कांदा, लसूण, वांगं बंद होतं. पावसाळ्यात साठवणीतला कांदा सडतो, वांग्यात कीड पडते, असं म्हातारी माणसं सांगत. पटण्यासारखं आहे. धर्मानं सांगितलं म्हणून सोडलं की सडलं म्हणून धर्मानं सांगितलं, हा वाद आमच्या पारावर दरसाल होतो आणि भजी संपली की मिटतो. दिंडीतही यावरून कुरबुर झालेली आहे. षष्ठीच्या पिठल्यात कांदा घालायचा का? माळकरी मंडळींतले काही नको म्हणतात. शेवटी दोन पातेली ठेवायची पद्धत पडली, ती आजही आहे.

एकादशीबद्दल बोलायचं तर आपणच कान धरावे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच पडली नाही. पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाटाची मोठी चाल बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीलाच येते आणि जुनी माणसं ती मूठभर शेंगदाणे अन् पाण्यावर चढत. आता ताटात साबुदाणा, बटाटा, वर वेफर. गंमत अशी की बटाटा, रताळं, शेंगदाणा, ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, आणि त्यातली मिरचीसुद्धा, सगळं अमेरिका खंडातलं. माउलींनी १२९६ साली समाधी घेतली तेव्हा यातलं काहीच या मुलखात नव्हतं. त्यामुळं कुणाच्या फराळाला कुणी नाक मुरडू नये, एवढंच.

द्वादशीला बारस सोडायची आणि पौर्णिमेला गोपाळपूरचा काला. लाह्या, दही एकत्र कालवून एकमेकांच्या तोंडात घास घालायचा, त्यात जात विचारायची नाही. पण हेही लिहिलं पाहिजे की ज्यांच्याशी काला वाटायचा त्यातल्या कित्येकांना विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. त्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावं लागलं. आपल्या गावच्या पंगतीतही आधी एक ओळ लांब बसायची. ती कधी जवळ आली ते वहीत नाही. आली, हे आम्ही पाहिलं.

पौर्णिमेच्या सुमारालाच बेंदूर. गाडी ओढून आलेल्या बैलांना पुरणपोळी, मग माणसांना.

बंद झालेलं वांगं पुन्हा ताटात येतं ते मार्गशीर्षातल्या षष्ठीला, चंपाषष्ठीला. खंडोबाची तळी भरायची, बाजरीचा रोडगा, नव्या वांग्याचं भरीत, कांद्याची पात. ज्या जेजुरीवरून ज्येष्ठात पायी आलो, तिच्याच देवाचा नैवेद्य. एका षष्ठीपासून दुसऱ्या षष्ठीपर्यंत बरोबर पाच महिने होतात.

२०२० साली महामारीमुळं पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. माळशिरसला मुक्काम नाही, रिंगण नाही, रस्ता मोकळा. तरी षष्ठीला आमच्या आळीत नेहमीइतक्याच भाकरी थापल्या गेल्या. एका आजींना विचारलं, खाणार कोण? त्या म्हणाल्या, “आजची तिथी हाय न्हवं?” त्या भाकरी मग बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसांनी आणि दवाखान्यातल्या माणसांनी खाल्ल्या.

यंदापासून दिंडीच्या वहीत एक पान भाकरी थापणाऱ्यांच्या नावाचं राखलं आहे. नावं विचारत आम्ही घरोघर गेलो तर निम्म्या बाया लाजून नवऱ्याचंच नाव सांगू लागल्या. पुन्हा जायचं आहे.