आयेषेचा प्रेमविचार : ‘दुर्गेशनंदिनी’तील इतिहास आणि अद्भुत

बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांची ‘दुर्गेशनंदिनी’ ही कादंबरी १८६५ साली प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ओळखली जाणारी रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची. म्हणजे वंगीय कादंबरी तिच्याहून सहा वर्षांनी वडील ठरते. कादंबरीचे नाव गढ मांदारणच्या दुर्गपतीची कन्या तिलोत्तमा हिच्यावरून पडलेले आहे. शेवटी विवाह होतो तोही तिचाच. तथापि ग्रंथ मिटल्यावर वाचकाच्या मनात रेंगाळते ती तिलोत्तमा नव्हे, तर पठाण नवाब कतलू खान याची कन्या आयेषा. तिलोत्तमा प्रेम करते. आयेषा प्रेम करते आणि प्रेमाचा विचारही करते. प्रेम, स्नेह आणि सुख या तीन गोष्टींविषयी तिची काही निश्चित मते आहेत. ही मते कोणती, कथानकात ती कितपत टिकतात आणि इतिहासाच्या कोणत्या पार्श्वभूमीवर ती उभी केली गेली, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम इतिहासाचा भाग. १५९० मध्ये अकबराचा बिहारमधील सुभेदार राजा मानसिंह याने ओरिसातील अफगाणांविरुद्ध मोहीम काढली. अबुल फज्लच्या ‘अकबरनाम्या’नुसार मानसिंहाचा पुत्र जगतसिंह हा आघाडीवर पाठविला गेला, तो बेसावध असताना अफगाण सैन्याने त्याच्यावर अकस्मात हल्ला केला, आणि विष्णुपूरचा जमीनदार हंबीर याने त्याला त्या संकटातून सोडवून आपल्या गढीत नेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत कतलू खान आजारी पडून मरण पावला. त्याचा वकील ख्वाजा इसा याने कतलूचा पुत्र नासिर खान याच्या वतीने तह केला. बादशहाच्या नावाचा खुतबा व नाणे मान्य करण्यात आले आणि जगन्नाथपुरीचे देवालय बादशाही अंमलाखाली गेले. कादंबरीतील उस्मान हाही निव्वळ कल्पित पुरुष नव्हे. अफगाणांचा हा शूर नायक पुढे पूर्व बंगालमध्ये मोगलांशी दीर्घकाळ झुंजला व १६१२ मध्ये रणात पडला.

कादंबरीकाराने या सामग्रीत दोन ठिकाणी हात घातला आहे. इतिहासातला जगतसिंह विष्णुपूरला सुखरूप पोहोचतो. कादंबरीतला जगतसिंह मांदारणच्या गढीत जखमी होऊन कतलू खानाच्या कैदेत पडतो. इतिहासातला कतलू खान रोगाने मरतो. कादंबरीतला कतलू खान, त्याने वध करविलेल्या वीरेंद्रसिंहाची पत्नी विमला हिच्या कट्यारीने मरतो. पहिल्या बदलामुळे नायक शत्रूच्या महालात येतो आणि त्याच्या शुश्रूषेसाठी आयेषा उभी राहते. दुसऱ्या बदलामुळे तो तेथून सुटतो. आयेषेचे सारे जीवन, जेवढे वाचकाला दिसते तेवढे, या दोन कल्पित घटनांच्या मधल्या अवकाशात सामावलेले आहे. बखर किंवा तवारीख ज्या काळाविषयी मौन बाळगते तेथेच अद्भुतकथेची नायिका जन्माला येते. आयेषा हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

आयेषेच्या विचारात प्रथम स्पष्ट होते ती स्नेह आणि प्रेम यांतील सीमारेषा. उस्मान तिच्यावर अनुरक्त आहे. तो शूर आहे, उदार आहे, तिच्याच कुळातला आहे, आणि विवाहाच्या आशेवर जगतो आहे. व्यवहाराच्या कोणत्याही गणिताने तो तिला योग्य वर ठरतो. ती त्याला झिडकारीत नाही. परंतु बहिणीने भावाजवळ बसावे तशी आपण त्याच्याजवळ बसतो, त्यापलीकडे त्याने जाऊ नये, असे ती त्याला निक्षून सांगते. येथे स्नेह हा प्रेमाचा कनिष्ठ प्रकार म्हणून येत नाही. तो एक वेगळा संबंध आहे, त्याची स्वतःची मर्यादा व स्वतःचे कर्तव्य आहे. केवळ योग्यता पाहून स्नेहाचे प्रेमात रूपांतर करता येत नाही, आणि तसे ढोंग करणे हा स्नेहाचाच अपमान होय, ही तिची धारणा आहे.

प्रेमाविषयीचे तिचे मत कारागृहातील प्रसंगात प्रकट होते. ती जगतसिंहाला मुक्ततेचा मार्ग देऊ करते. आपल्यामुळे तिच्यावर संकट येईल या विचाराने तो नाकारतो. इतक्यात उस्मान तेथे येतो आणि रात्रीच्या वेळी कैद्याच्या भेटीस आल्याबद्दल तिला टोमणा मारतो. तेव्हा आयेषा हा बंदिवानच आपला प्राणेश्वर आहे असे दोघांच्याही समक्ष सांगते. या उद्गाराच्या धिटाईकडे समीक्षकांचे लक्ष नेहमी जाते. परंतु त्याच्या मागोमाग ती जे बोलते ते अधिक महत्त्वाचे आहे. उस्मानाने आपल्याला दुखविले नसते तर हे रहस्य कोणत्याही मनुष्याच्या कानी पडले नसते, असे ती म्हणते आणि राजपुत्राची क्षमा मागते. म्हणजे प्रेमाचा उच्चार ही तिची मागणी नाही. तो आरोपाला दिलेला जबाब आहे. आपल्या प्रेमात लज्जास्पद असे काही नाही, म्हणून ते लपविण्यासाठी असत्य बोलण्याचे कारण नाही. आणि त्या प्रेमाचा दुसऱ्यावर भार पडू नये, म्हणून ते आपण होऊन सांगण्याचेही कारण नाही. सत्य आणि संयम यांची ही सांगड तिच्या प्रेमविचाराचा गाभा आहे.

सुखाविषयीचे तिचे मत जगतसिंहाला लिहिलेल्या पत्रात येते. त्या पत्राच्या लेखनाचे वर्णन बंकिमचंद्रांनी बारकाईने केले आहे. आरंभीचे प्रेमाचे संबोधन ती खोडून टाकते, अश्रूंनी भिजलेला कागद फाडते, पुन्हा लिहिते, आणि ज्यावर अश्रूचा डाग नाही अशीच प्रत अखेर पाठविते. आपल्याजवळ द्यावयाचे होते ते आपण दिले, परतफेडीची अपेक्षा नाही, आणि आपला स्नेह इतका दृढमूल आहे की त्याला प्रत्युत्तर मिळाले नाही तरी आपण सुखी आहोत, असा त्या पत्राचा आशय आहे. ज्या भावनेला तिने उस्मानासमोर प्रेम म्हटले तिलाच येथे स्नेह हा शब्द येतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रेमातील मागणीचा अंश वजा केल्यावर जे उरते त्याला ती स्नेह म्हणते, असे दिसते. प्रत्यक्ष भेट टाळण्याचे कारणही ती देते : त्या भेटीने उस्मानाला क्लेश होतील. स्वतःचे सुखदुःख मात्र तिने जगदीश्वराच्या चरणी ठेवले आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि त्याच्या उत्तरावर आयेषेचे सारे मूल्यमापन अवलंबून आहे. परतफेड नसतानाही आपण सुखी आहोत हे तिचे म्हणणे खरे मानावयाचे काय? फाडलेले कागद त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. पत्रातील सुखी आयेषा ही तिसऱ्या-चौथ्या खर्ड्यातील आयेषा आहे. पहिल्या खर्ड्यातील नव्हे. ग्रंथकाराने हे खर्डे दाखविले नसते तर तिचे विधान केवळ भाबड्या आदर्शवादाचे ठरले असते. ते दाखविल्यामुळे त्याचे स्वरूप बदलते. सुख ही तिची त्या क्षणीची अवस्था नाही. तो तिने केलेला संकल्प आहे.

या संकल्पाची कसोटी शेवटच्या प्रकरणात लागते. आयेषा तिलोत्तमेच्या विवाहास उपस्थित राहते, आपले अलंकार स्वहस्ते तिच्या अंगावर घालते आणि घरी परतते. तिच्या बोटात विषारी अंगठी आहे. एका क्षणी त्या विषाने सर्व तृष्णा शांत करावी असा विचार तिच्या मनात येतो. दुसऱ्या क्षणी ती स्वतःला विचारते की, एवढेही सोसता येत नसेल तर स्त्रीजन्म तरी कशासाठी घेतला, आणि जगतसिंह हे ऐकून काय म्हणेल? मोह पुन्हा होऊ नये म्हणून ती अंगठी दुर्गाच्या खंदकात फेकून देते. पत्रात जे सुख तिने घोषित केले ते येथे तिला उपलब्ध नाही, हे उघड आहे. परंतु पत्रातील वचन ती मोडीत नाही. तिने सुखाचा दावा केला होता; सुख मिळाले नाही, तरी त्या दाव्याला शोभेल असे ती वागते.

आयेषेची तुलना स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ मधील रिबेकेशी नेहमी केली जाते. दोघी परधर्मीय, दोघी जखमी वीराची शुश्रूषा करतात, दोघी शेवटी नायकाच्या वधूला अलंकार देतात. आपली कादंबरी लिहिण्यापूर्वी ‘आयव्हॅन्हो’ वाचली नव्हती, असे बंकिमचंद्रांनी सांगितल्याचे त्यांच्या परिचितांनी नमूद केले आहे. ऋणाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी भेद स्पष्ट आहे. रिबेका आपले प्रेम नायकासमोर उच्चारीत नाही, आणि उरलेले आयुष्य पीडितांच्या सेवेला वाहण्याचा मार्ग तिच्यापुढे आहे. आयेषेने उच्चार केलेला आहे आणि पुढचा असा कोणताही मार्ग लेखकाने तिला दिलेला नाही. जगण्याचे कारण तिला स्वतःच्याच अंतःकरणात शोधावे लागते.

जगतसिंह आणि आयेषा यांचा विवाह का होऊ शकत नाही, याची चर्चा कादंबरीत फारशी नाही. ते गृहीतच धरले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबले पाहिजे. अंबरचे कछवाह घराणे मुसलमान राजकुलाशी सोयरीक न करणारे घराणे नव्हते. भारमलाची कन्या १५६२ मध्ये अकबराला दिली गेली. मानसिंहाची बहीण मानबाई हिचा विवाह १५८५ मध्ये शाहजादा सलीमशी झाला. आणि खुद्द जगतसिंहाची कन्या १६०८ मध्ये जहांगीराच्या अंतःपुरात गेली. परंतु हे सर्व संबंध एकाच दिशेचे होते. राजपूत कन्या बादशाही महालात जात असे. मुसलमान नवाबाची कन्या राजपुताची पट्टराणी होऊन येत नसे. म्हणून कादंबरीतील अडसर सोळाव्या शतकाशी विसंगत नाही. मात्र त्या अडसराला जे निःशब्द अटळपण लाभले आहे, त्यात एकोणिसाव्या शतकातील वाचकाच्या समजुतीचाही वाटा आहे.

तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. कलकत्त्यात बेथून यांची कन्याशाळा १८४९ मध्ये निघाली. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. विद्यासागर बहुपत्नीकत्वाविरुद्ध झगडत होते. ज्या समाजात कन्येचा विवाह तिला कळू लागण्यापूर्वी होत असे, तेथे वीस वर्षे उलटलेली अविवाहित नायिका आपल्या मुखाने प्रेम सांगते हे समकालीन कथानकात बसविणे कठीण होते. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या पठाण महालात ते बसू शकले. पुढे ‘विषवृक्ष’ (१८७३) मध्ये बंकिमचंद्र समकालीन बंगाली घरात आले, तेव्हा पुनर्विवाहित विधवा कुंदनंदिनीला त्यांनी विषानेच मृत्यू दिला. इतिहासाच्या आश्रयाने नायिकेला जी मोकळीक मिळाली होती, ती गृहाच्या चौकटीत मिळाली नाही. आयेषेने खंदकात फेकलेले विष कुंदनंदिनीला प्यावे लागले.

आयेषेच्या प्रेमविचारातील उणीव दडविण्याचे कारण नाही. तिची उदारता नायकाला व वधूला सोयीची आहे. तिच्या त्यागाने दोन्ही घरांची घडी अभंग राहते, आणि त्याची किंमत ती एकटी देते. स्नेहाला प्रतिदान नको असे म्हणणारी नायिका वाचकाला प्रिय होते, यात वाचकाचाही स्वार्थ असतो. तथापि तिला केवळ त्यागमूर्ती म्हणणे अन्यायाचे होईल. उस्मानाला तिने नकार दिला, आरोपाला सत्याने उत्तर दिले, आणि मृत्यूचा मार्ग स्वतःच्या विचाराने सोडला. हे तिन्ही निर्णय तिचे स्वतःचे आहेत. इतिहासातला जगतसिंह १५९९ मध्ये, पित्याच्या हयातीतच मरण पावला. आयेषेला इतिहास नाही, म्हणून तिला मृत्यूची नोंदही नाही; ग्रंथकाराने तिला जिवंत ठेवून ग्रंथ संपविला आहे.