तिसऱ्या घंटेआधीचे जेवण

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिताना आपण संहितेचा विचार करतो, नटांचा करतो, नाटकमंडळ्यांच्या उदयास्ताचा करतो. फार तर पडदे, ऑर्गन आणि पायपेटी यांचा करतो. नाटकाला आलेला प्रेक्षक जेवून आला आहे काय, आणि जेवला असेल तर कोठे व कोणाच्या पंक्तीला, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या चौकटीत सहसा बसत नाही. आम्ही वर्गात नाटक शिकवतो तेव्हा अंक आणि प्रवेश मोजतो, पण पडदा किती वाजता वर जात असे आणि त्या वेळेला घरातल्या चुलीचे काय चालले असे, हे क्वचितच विचारतो. वास्तविक, नाटक हा ठरावीक वेळी, ठरावीक जागी, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून घ्यावयाचा अनुभव आहे. म्हणून त्या संध्याकाळच्या जेवणाचा इतिहास हा रंगभूमीच्या इतिहासाचाच एक भाग ठरतो. नाटकाला जाण्यापूर्वी उपाहारगृहात जेवणे ही आजची साधी गोष्ट मराठी समाजात साधी व्हायला सुमारे शंभर वर्षे लागली. ती का लागली, याचा थोडा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

१८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा प्रेक्षक हा संस्थानिकाचा निमंत्रित होता. दहाच वर्षांनी, १८५३ मध्ये, भाव्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले आणि प्रेक्षक गिऱ्हाईक झाला. पुढे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगमंचावर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. या सगळ्या काळात नाटक ही रात्रीची गोष्ट होती. जेवणखाण उरकल्यावर खेळ सुरू व्हावा आणि गाण्यांना ‘वन्स मोअर’ मिळत मिळत तो उत्तररात्रीपर्यंत चालावा, ही रीत होती. अशा प्रयोगाला जायचे म्हणजे दिवेलागणीनंतर घरी जेवायचे, पान खायचे आणि मग बाहेर पडायचे. नाटकगृहाच्या आवारात चहा, सोडा, पानसुपारी मिळे. ती मधल्या वेळची सोय होती, जेवण नव्हे. जेवण घरचेच.

याचे कारण केवळ हॉटेले नव्हती, एवढेच नाही. बाहेर खाणे हा रुचीचा किंवा पैशाचा प्रश्न होण्याआधी तो धर्माचा आणि जातीचा प्रश्न होता. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सदस्य एकत्र बसून, परधर्मीयाच्या हातचा पाव खाऊन जातिभेदाचा निषेध करीत. पण ही सभा गुप्त होती. सदस्यांची नावे बाहेर फुटण्याची वेळ आली तेव्हा १८६० च्या सुमारास ती मोडून पडली. त्यानंतर तीस वर्षांनी, ऑक्टोबर १८९० मध्ये, पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. तेथे चहा आणि बिस्किटे पुढे आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखी मंडळी होती. गोपाळराव जोशी यांनी ही हकीकत उपस्थितांच्या नावांसह वृत्तपत्रात येईल अशी व्यवस्था केली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद काही वर्षे पुरला. एक पेला चहा जेथे इतका महाग पडतो, तेथे अनोळखी आचाऱ्याच्या हातचे, अनोळखी माणसाच्या शेजारी बसून जेवण कोण करणार?

आता याच काळातील नाटकगृह पाहावे. पंचहौदचा चहा गाजत होता तेव्हा ‘शाकुंतल’ येऊन दहा वर्षे झाली होती. ज्याला मिशनमधल्या चहासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागत होते, तोच गृहस्थ रात्री नाटकगृहात अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून चार-पाच तास बसत होता. तेथे जागा ठरे ती तिकिटाच्या दराने. खुर्ची, बाक, पिट ही उतरंड पैशाची होती. पंक्तीची उतरंड मात्र जन्माची होती. एकाच संध्याकाळी एकच माणूस या दोन्ही व्यवस्थांत वावरत होता: दिवेलागणीला एका पंक्तीत आणि रात्री दुसऱ्या रांगेत. नाटकगृहाने जात पुसून टाकली असे आम्ही म्हणत नाही. तिकिटाचे पैसे देऊ शकणारा वर्ग मुख्यतः वरच्या जातींचा होता, स्त्रियांच्या जागा वेगळ्या असत, आणि अस्पृश्य मानलेल्या समाजाची करमणूक तमाशा-जलशांच्या उघड्या मैदानावर होत होती. नाटकमंडळ्याही आपले आचारी आणि भांडीकुंडी बरोबर घेऊनच गावोगाव फिरत. त्यांचे बिऱ्हाड हे फिरते स्वयंपाकघरच होते. तरीही शेजारी कोण बसला आहे याची चौकशी न करता बसण्याची सवय सुखवस्तू मराठी माणसाला ज्या थोड्या ठिकाणी लागली, त्यांत नाटकगृह हे महत्त्वाचे ठिकाण होते. शेजारी बसण्याची सवय आधी लागली. शेजारी बसून जेवण्याची फार नंतर.

या दोन सवयींमधले अंतर कोल्हापुरात फार स्पष्ट दिसते. राजर्षी शाहू महाराज हे नाटकाचे आणि संगीताचे मोठे आश्रयदाते. त्यांनी उभारलेले पॅलेस थिएटर १९१५ मध्ये सुरू झाले. पुढे त्यास ‘ललितकलादर्श’च्या केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. (हीच वास्तू ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत सापडली, तेव्हा कोल्हापूरकरांना घरातले माणूस गेल्यासारखे दुःख झाले.) नाटकगृह बांधायला राजाची इच्छा, पैसा आणि कारागीर पुरेसे होते. पण याच शहरात, याच राजाच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा ते अस्पृश्य मानलेल्या समाजातले म्हणून गिऱ्हाईक तेथे पाऊल टाकीना. तेव्हा महाराज स्वतः त्या हॉटेलापाशी थांबून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो घ्यायला लावू लागले. राजाला नाटकगृह एकदा बांधून मोकळे होता आले. चहा मात्र पुन्हा पुन्हा प्यावा लागला. १९१९ मध्ये त्यांनी सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये अशा आज्ञा काढल्या, तरी आज्ञेपेक्षा त्या पेल्याची आठवण लोकांनी अधिक जपली, हे उगाच नव्हे.

मुंबईची गोष्ट वेगळी आहे. तेथे हा बदल राजाज्ञेने झाला नाही, तो पोटाच्या निकडीने झाला. ग्रँट रोडच्या ज्या भागाला लोक ‘पिला हाऊस’ म्हणत, म्हणजे ‘प्ले हाऊस’चा अपभ्रंश, तेथे पारशी, गुजराती, उर्दू आणि मराठी नाटके शेजारी शेजारी होत. याच शहरात कोकणातून आणि घाटावरून आलेला चाकरमानी एकटा राहत होता. त्याचे कुटुंब गावी होते, म्हणून त्याला घरचे जेवणच नव्हते. तो खाणावळीत महिन्याच्या हिशेबाने जेवे. परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटके होत, तेव्हा गिरणीतून सुटलेला माणूस आधी खाणावळीत ताटावर बसे आणि मग नाटकाला जाई. नाटकाआधी बाहेर जेवणारा मराठी माणूस शोधायचा तर तो आम्हाला येथे भेटतो. तो रसिक म्हणून नव्हे, घर लांब राहिलेला म्हणून बाहेर जेवत होता. अर्थात खाणावळही बहुधा आपल्या मुलखाच्या किंवा आपल्या जातीच्या माणसाची पाहिली जाई, आणि उपाहारगृहांच्या पाट्यांवर ‘ब्राह्मणाचे’ किंवा ‘हिंदू’ असे शब्द लिहिलेले असत. त्या पाट्या रुचीची नव्हे, सोवळ्याची हमी देत होत्या.

ही हमी न मागणाऱ्या जागाही हळूहळू वाढल्या. इराण्याचे हॉटेल त्यांत प्रमुख. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्ची, चहा आणि ब्रूनमस्का. समोर कोण बसला आहे हे विचारायचे नाही. त्याच हॉटेलात मागच्या बाजूला ‘फॅमिली रूम’ असे. नाटकगृहातील स्त्रियांच्या वेगळ्या जागेचेच ते खानपानातले भावंड म्हणावे लागेल. बाई सार्वजनिक जागी आली, पण पडद्याआड. पुण्यात १९३५ मध्ये मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी ‘पूना गेस्ट हाऊस’ सुरू केले आणि लक्ष्मी रस्त्यावरील ही जागा पुढे नाट्य-चित्रपट व्यवसायातील माणसांचा अड्डा झाली. कलावंत आणि प्रेक्षक एकाच छपराखाली जेवू लागले, ही पुण्यासारख्या शहरात लहान घटना नव्हती.

याच सुमारास नाटकाचे रूपही बदलत होते. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. ते ब्यर्न्सन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावर आधारलेले होते, त्यातील स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या आणि प्रयोगाचा पसारा आटोपशीर होता. १९४१ मध्ये मो. ग. रांगणेकरांची ‘नाट्यनिकेतन’ सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ‘कुलवधू’ आले. त्याची नायिका घराबाहेर पडून चित्रपटात काम करते. रात्रभराचे नाटक संपून तीनेक तासांचे नाटक आले, याची कारणे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो ती अशी: बोलपटाची स्पर्धा, इब्सेनप्रणीत वास्तववाद आणि मंडळ्यांचे कर्ज. ती खरीच आहेत. परंतु या यादीत प्रेक्षकाचे घड्याळही घालावयास हवे. दुसऱ्या दिवशी कचेरी गाठणाऱ्या, शेवटची लोकल पकडणाऱ्या माणसाला उत्तररात्रीपर्यंत चालणारी पदे परवडत नव्हती. नाटक लवकर सुरू होऊन वेळेत संपायला हवे होते. आणि नाटक लवकर सुरू झाले की घरी जाऊन, जेवून येण्याइतका अवधी उरत नाही. नाटकाची वेळ अलीकडे सरकली, तसे त्यापूर्वीचे खाणे घराबाहेर सरकले.

स्वातंत्र्यानंतर या बदलाला कायद्याचा आधार मिळाला. १९५० मध्ये अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात, धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून जेथे कोणालाही मज्जाव करता येणार नाही अशा जागा सांगितल्या आहेत. त्यांत दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे एकाच उपखंडात येतात. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्याने असा मज्जाव करणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला. घटनाकारांनी उपाहारगृह आणि नाटकगृह शेजारी ठेवले, यात आम्हाला मोठे सामाजिक निरीक्षण दिसते. या दोन्ही दारांतून आत जाता आले, तरच माणसाची संध्याकाळ पुरी होते.

मग १९६० नंतर नाटकगृहांचे नवे पर्व आले. गिरगावात साहित्य संघाचे नाट्यगृह १९६४ मध्ये, दादरला शिवाजी मंदिर १९६५ मध्ये, पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उभे राहिले. एका दिवसात दोन-तीन प्रयोग होऊ लागले. दुपारच्या नाटकाहून बाहेर पडणारे आणि रात्रीच्या नाटकाला येणारे आसपासच्या उपाहारगृहांत एकमेकांना भेटू लागले. मध्यंतरातल्या बटाटेवड्याला तर नाट्यानुभवातच स्थान मिळाले. नाटक पाहणे आणि बाहेर खाणे मिळून मध्यमवर्गीय कुटुंबाची एक ‘संध्याकाळ’ तयार झाली.

या संध्याकाळीची सर्वांत मोठी लाभार्थी घरातील स्त्री होती, असे आमचे मत आहे. नाटक जेव्हा जेवणानंतर असे, तेव्हा तिला सर्वांना वाढून, स्वतः मागाहून जेवून, मागचे आवरून निघावे लागे; पुष्कळदा ती निघतच नसे. संगीत नाटकांच्या सुवर्णकाळाच्या कितीही रम्य आठवणी आपण काढल्या, तरी त्या रात्रींच्या आधी कोणीतरी चुलीपाशी बसलेले होते, हे त्या आठवणींत येत नाही. कुटुंब बाहेर जेवू लागले त्या दिवशी तिला प्रथमच इतरांबरोबर, इतरांइतकीच निवांत, तिसरी घंटा ऐकता आली. उपाहारगृहाच्या वाढत्या खर्चाची आणि ‘घरच्या अन्नाची सर नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

अजून हा हिशेब पुरता मिटलेला नाही. नाटकाचे तिकीट आणि बाहेरचे जेवण हे दोन्ही परवडणारी कुटुंबे थोडी आहेत, आणि बाहेर जेवल्यावर उष्टी उचलणारा हात कोणाचा असतो, हेही आपण क्वचितच पाहतो. जातीची पंक्ती मोडून दराची रांग आली. या रांगेतही मागे राहणारे आहेतच. रंगभूमीच्या अभ्यासकाने संहितेइतकेच या रांगेकडे लक्ष द्यावे. प्रयोग पाहायला कोण येऊ शकले आणि कोण येऊ शकले नाही, हे कळल्याखेरीज तो प्रयोग कोणासाठी होता हे सांगता येत नाही. आणि त्याचा पहिला पुरावा नाटकगृहात मिळत नाही, त्या संध्याकाळच्या ताटाशी मिळतो.