जेवढी बोट, तेवढी वर्दळ

1773 च्या ऑक्टोबरात डॉ. सॅम्युअल जॉन्सन निघाले होते मल बेटाकडे आणि पोचले कॉलवर. स्काय बेटाहून सुटलेले त्यांचे गलबत वादळाने भलतीकडे लोटले. इंग्रजी शब्दकोश एकहाती रचणारे चौसष्ट वर्षांचे जॉन्सन खाली आडवे पडून होते आणि सोबतचे जेम्स बॉस्वेल वर डेकवर भेदरले होते. ‘मी काय मदत करू?’ असे ते सारखे विचारू लागले, तेव्हा कॉलच्या जमीनदाराच्या तरुण मुलाने त्यांच्या हातात एक दोर दिला आणि सांगेपर्यंत घट्ट धरून ठेवायला बजावले. त्या दोराचा काही उपयोग नव्हता. बॉस्वेलना गुंतवून ठेवायचे, एवढाच हेतू. ही फजिती नंतर त्यांनी स्वतःच लिहून ठेवली. अनुकूल वाऱ्याची वाट पाहत दोघे दहाएक दिवस बेटावर अडकले.

स्कॉटलंडच्या पश्चिमेचे कॉल बेट वीसेक किलोमीटर लांब आहे. आज तिथे दोनशेहून कमी माणसे राहतात. हंगाम सरल्यावर कॅम्परव्हॅन बोटीत चढवून तिकडे जाणाऱ्यांना हवी असते ती तिथली शांतता. ती निसर्गाची देणगी आहे असे पर्यटनाच्या पुस्तिका सांगतात. ते अर्धेच खरे. 1840 च्या सुमारास या बेटावर चौदाशेहून अधिक लोक होते. मग बटाट्याचे पीक कुजले, दुष्काळ पडला. 1856 मध्ये बेट नव्या मालकाकडे गेले, जमिनीचे खंड वाढले आणि कुटुंबेच्या कुटुंबे परदेशी निघून गेली. आज व्हॅनच्या खिडकीतून जे ओसाड माळ दिसतात, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी एके काळी चुली पेटत होत्या.

समुद्र ओलांडून चाके पलीकडे न्यायची तर पूर्वी अडचणच होती. स्कायच्या गुरांना चाके नव्हती, म्हणून त्यांचे भागले! काइलरियाच्या अरुंद खाडीत गुराखी एका जनावराचा दोर पुढच्याच्या शेपटीला बांधत आणि अशी रांग पोहत मुख्य भूमीवर नेत. मोटारी आल्या तेव्हा लहान फेरीबोटींवर त्या फळ्यांवरून चढवत, मोठ्या बोटींवर क्रेनने उचलून ठेवत. कॉलला तर साठच्या दशकात धक्का होईपर्यंत माणसांचीही गत वेगळी नव्हती. कोकणात आगबोटीतून पडावात उतरावे लागे, तसे तिथेही भर पाण्यात छोट्या होडीत उतरत.

त्याच दशकात चित्र पालटले. 1964 मध्ये सरकारने ‘हेब्रिडीज’, ‘क्लॅन्समन’ आणि ‘कोलंबा’ या तीन मोटारवाहू बोटी आणल्या. प्रत्येकीत पन्नासेक मोटारी मावत. लिफ्टने गाडी वरखाली करायची सोय असल्याने भरती असो वा ओहोटी, काम अडत नसे. काळ शीतयुद्धाचा होता, त्यामुळे अणुहल्ल्यातल्या किरणोत्सारी धुळीपासून बोट बंद करून घेण्याची व्यवस्थाही त्यांत होती. गुरे-मेंढ्यांच्या बेटांसाठी एवढा बंदोबस्त!

तोवर व्हॅनही तयार झाली होती. फोल्क्सवॅगनची डबा-मोटार 1950 मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात पलंग-कपाटे बसवली. ब्रिटनमध्ये फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीची, छप्पर वर उचलणारी ‘डॉर्मोबिल’ घरोघरी माहीत झाली.

बोट आली म्हणून सगळे खूश झाले असे मात्र नाही. बेटांवरच्या भाविकांच्या लेखी रविवार हा देवाचा वार. 1965 मध्ये स्कायला रविवारची फेरी सुरू झाली तेव्हा धक्क्यावर निदर्शने झाली, धर्मोपदेशकासह अनेकांना अटक झाली. लुइस बेटावरच्या स्टॉर्नोवेहून रविवारी बोट सुटायला 19 जुलै 2009 उजाडावा लागला. आठवड्यातला एक दिवस बेट बंद ठेवणे हा तिथल्या माणसांनी स्वतः केलेला बंदोबस्त होता. बाहेरच्यांनी त्याला हट्ट म्हटले.

खरी गर्दी लोटली ती भाड्यामुळे. रस्त्याने तेवढेच अंतर मोटारीने कापायला जो खर्च येईल, त्या हिशोबाने बोटीचे तिकीट आकारायची योजना 2008 मध्ये प्रायोगिक म्हणून बाह्य हेब्रिडीज बेटे, टायरी आणि कॉलला लागू झाली. 2015 मध्ये ती या पट्ट्यातल्या सगळ्या मार्गांवर गेली. योजना बेटवासीयांसाठी होती, पण स्वस्त तिकीट व्हॅनवाल्यांनाही मिळाले. उन्हाळ्यात बोटीत जागा मिळवण्यासाठी बेटवासीयांनाच आता त्यांच्याशी चढाओढ करावी लागते. नव्या बोटींचे रडगाणे वेगळेच. 2015 मध्ये मागवलेली ‘ग्लेन सॅनॉक्स’ अॅरन बेटाच्या मार्गावर धावू लागली ती जानेवारी 2025 मध्ये.

थंडीत ही चढाओढ ओसरते, पण वाऱ्यामुळे फेऱ्या रद्द होतात आणि जॉन्सनांसारखे अडकून पडायची वेळ आजही येते. कॉलचे काळेभोर आकाश 2013 पासून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवून आहे, त्यामुळे हिवाळ्यात जाण्यात तोटा नाही. मात्र स्कॉटलंडमध्ये कुठेही मुक्काम ठोकता येतो, या समजुतीवर जाऊ नये. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने तो हक्क पायी आणि सायकलवर फिरणाऱ्यांना दिला आहे, मोटारीतून येणाऱ्यांना नाही.