७० आणि ७१

१९८४ साली आयबीएमचा पीसी एटी आला आणि त्यात मोटोरोलाची एमसी १४६८१८ ही घड्याळाची चिप होती. मशीन बंद असलं तरी ती बॅटरीवर वेळ सांभाळायची. चिपमध्ये ६४ बाइट्स, पण प्रोसेसरला आत शिरायला दारं दोनच: हेक्साडेसिमलमधले ७० आणि ७१ हे पोर्ट. ७० वर रजिस्टरचा क्रमांक टाकायचा, ७१ वर त्यातला आकडा वाचायचा किंवा लिहायचा.

मी ड्रायव्हर लिहितो, आणि नवीन मुलांसाठी फळ्यावर आधी हीच जोडी काढतो. मिनिटं हवीत म्हणून ७० वर २ टाकला. तेवढ्यात इंटरप्ट आला आणि हँडलरने ‘सी’ रजिस्टर बघायला तिथे १२ टाकला. आपण परत येऊन ७१ वाचतो, तेव्हा मिनिटांऐवजी ‘सी’ हाती येतं. शिवाय ‘सी’ नुसतं वाचलं तरी त्यातल्या इंटरप्टच्या खुणा पुसल्या जातात. म्हणजे मधल्या वेळात आलेला पुढचा इंटरप्टही कुणाच्या नकळत गेला!

लिनक्समध्ये प्रोसेसर एकच होता तोवर इंटरप्ट क्षणभर बंद केले की भागायचं. १९९६ च्या २.० मध्ये एकाहून जास्त प्रोसेसर आले, त्यांच्यासोबत सगळ्या कर्नलला मिळून एक ‘बिग कर्नल लॉक’ आला. सगळ्या प्रोसेसरांवरचे इंटरप्ट एका फटक्यात थांबवण्याची सोय मात्र २००२ मध्ये, २.५ च्या मालिकेत काढून टाकली, आणि ड्रायव्हरवाल्यांना आपापले स्पिनलॉक, म्हणजे मोकळे होईपर्यंत प्रोसेसरला तिथेच घुटमळत ठेवणारे लॉक, लावावे लागले. बिग लॉक पुरता जायला २०११ उजाडलं.

मला यातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो तो ‘आरटीसी_लॉक’ या घड्याळाच्या चिपच्या स्पिनलॉकचा. तो घड्याळाच्या ड्रायव्हरच्या पोटात न ठेवता सामायिक कोडमध्ये ठेवला, कारण त्याच चिपमधल्या सेटिंग्ज वाचणारा एनव्हीरॅमचा ड्रायव्हरही ७० आणि ७१ च वापरतो. लॉक चिपचा असतो, फाइलचा नव्हे. तो घेताना आपल्या प्रोसेसरवरचे इंटरप्टही बंद करावे लागतात. नाहीतर तिथलाच हँडलर तोच लॉक मागत कायमचा अडकून बसेल.

चिपला मात्र या लॉकचा पत्ता नसतो. ती दर सेकंदाला स्वतःच वेळ बदलते. म्हणून वाचण्याआधी ‘ए’ रजिस्टरचा वरचा बिट बघायचा: तो शून्य असेल तर निदान २४४ मायक्रोसेकंद आपले.